विजेत्यांच्या यादीतली मधली वर्षं

(इनडोअर बॉल्सच्या विश्वविजेतेपद स्पर्धेवरील व्याख्यानाचा संपादित भाग)

२०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत लवली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपाराणी तिर्की या चौघींनी दक्षिण आफ्रिकेला १७–१० असं हरवून लॉन बॉल्सचं सुवर्णपदक जिंकलं. त्या दिवशी आपल्यापैकी अनेकांनी हा खेळ पहिल्यांदाच शेवटपर्यंत पाहिला. तो सामना गवतावरचा होता. आज मी बोलणार आहे ते याच खेळाच्या छपराखालच्या रूपाबद्दल. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, नॉरफॉकमधल्या हॉप्टन-ऑन-सी या गावी दर जानेवारीत जागतिक इनडोअर बॉल्स स्पर्धा भरते. तिच्या खुल्या एकेरीच्या विजेत्यांची यादी १९७९ पासूनची आहे. ही यादी नुसती पाठ करण्याची गोष्ट नाही, ती वाचण्याची गोष्ट आहे, असं मला फार मनापासून वाटतं.

पण आधी खेळ. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी थोडं सांभाळून घ्या.

एका टोकाला मॅट. मॅटवरून आधी एक छोटा पांढरा चेंडू लांब सोडायचा, त्याला म्हणतात जॅक. मग एकेरीत दोघांनी आळीपाळीनं प्रत्येकी चार मोठे चेंडू सोडायचे. सगळे सोडून झाले की जॅकच्या सर्वांत जवळ ज्याचा चेंडू, त्याला गुण. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम चेंडूपेक्षा तुमचे जितके चेंडू जवळ, तितके गुण. म्हणजे एका फेरीत, तिला एंड म्हणतात, जास्तीत जास्त चार. झाला एंड की उलट दिशेनं पुन्हा सुरुवात. नियम इतकेच असते तर लहान मुलांनीही हा खेळ दोन दिवसांत आत्मसात केला असता.

सगळी मेख चेंडूच्या घडणीत आहे. तो पूर्ण गोल नसतो. एका अंगाला त्याचा आकार किंचित वेगळा असतो, त्यामुळे तो सरळ जातच नाही. यालाच बायस म्हणतात. चेंडू वेगात असताना वळण जेमतेम दिसतं. वेग कमी होऊ लागला की तो वळायला लागतो आणि थांबता थांबता सर्वांत जास्त वळतो. म्हणून खेळाडू जॅककडे नेम धरत नाही. तो बाजूला, बऱ्याच अंतरावरच्या एखाद्या बिंदूकडे चेंडू सोडतो आणि चेंडू आपल्या पायानं, कमानीतून, जॅककडे परत येतो. खेळाडू दोनच गोष्टी बोलतात: लाइन आणि वेट. लाइन म्हणजे दिशा, वेट म्हणजे जोर. लाइन बरोबर आणि वेट हातभर जास्त, तर चेंडू वळणाच्या आत जॅक ओलांडून गेलेला असतो. वेट बरोबर आणि लाइन चुकली, तर तो अगदी योग्य अंतरावर, पण भलत्याच जागी थांबतो.

समजा, दुसऱ्या सेटचा आठवा एंड आहे. प्रतिस्पर्ध्याचे दोन चेंडू जॅकच्या मागे-पुढे वीतभर अंतरावर बसले आहेत, तुमचा एक चेंडू त्याहून थोडा लांब आहे, आणि तुमच्या हातात शेवटचा चेंडू उरलाय. तीन वाटा आहेत. एक, ड्रॉ: सगळ्यांना चुकवून हळूच जॅकला टेकायचं. दोन, थोडा जोर जास्त लावून जॅकलाच सोबत घेऊन मागे जायचं, जिथे तुमचा आधीचा चेंडू वाट पाहतोय. तीन, ड्राइव्ह: सगळी ताकद लावून तो जमाव उधळून टाकायचा. ड्राइव्हला टाळ्या पडतात. पण मोठ्या खेळाडूंना दहापैकी आठ वेळा मी ड्रॉ निवडताना पाहिलंय. धाडस कमी पडतं म्हणून नव्हे. जी गोष्ट आपण हजारो वेळा केली आहे ती एकदा आणखी करायची, यावर त्यांचा भरवसा असतो. चेंडू वाटेत जॅकला स्पर्श करून गेला तर त्यावर खडूची खूण करतात. असा चेंडू पुढे कडेच्या खाचेत पडला तरी बाद होत नाही. तेवढ्या एका खुणेवर एंड फिरलेले आहेत.

छपराखाली हा खेळ का आला, याचं कारण अगदी व्यवहारी आहे. ब्रिटनमधली गवताची मैदानं हिवाळ्यात बंद असतात. खेळाडूंना सहा महिने रिकामं बसणं मान्य नव्हतं. त्या धडपडीत एक नाव तुमच्या फार परिचयाचं आहे: क्रिकेटचे डब्ल्यू. जी. ग्रेस. १९०३ साली स्थापन झालेल्या इंग्लिश बोलिंग असोसिएशनचे ते पहिले अध्यक्ष, आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये छपराखाली हा खेळ रुजवण्यातही त्यांचा पुढाकार होता. क्रिकेटच्या इतिहासात ग्रेस यांच्यावर इतकं लिहिलं गेलंय, पण ही बाजू एखाद्या ओळीत उरकली जाते. याची मला हळहळ वाटते.

आत गालिचा असतो. वारा नाही, पाऊस नाही, ओलावा नाही. गालिचा सर्वांना सारखाच. त्यामुळे हरल्यावर बोट दाखवायला फारसं काही उरत नाही. आज हॉप्टनला अंतिम सामना होतो तो एकाच निळ्या पट्टीवर, दिव्यांच्या झोतात, चारी बाजूंना प्रेक्षक आणि समोर कॅमेरे. साध्या क्लबमध्ये शेजारच्या पट्ट्यांवर आणखी चार सामने चालू असतात, तिथे चूक कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे लपायला जागा नाही.

आता यादी. पहिली स्पर्धा १९७९ साली स्कॉटलंडमधल्या कोटब्रिजच्या क्लबमध्ये झाली. नंतर ती इंग्लंडमधल्या प्रेस्टनला गेली आणि १९९९ पासून हॉप्टनला आहे. पहिली तीन वर्षं, १९७९, १९८० आणि १९८१, विजेता एकच: इंग्लंडचे डेव्हिड ब्रायंट. तोंडात पाइप धरून खेळणारे, पेशानं शिक्षक, क्लीव्हडन या छोट्या गावचे. ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. त्याआधी राष्ट्रकुलात एकेरीची चार सुवर्णपदकं त्यांच्या नावावर होती: १९६२, १९७०, १९७४ आणि १९७८. मधलं १९६६ कुठं गेलं, असं तुम्ही विचाराल. त्या वर्षीच्या किंग्स्टनच्या राष्ट्रकुलात हा खेळच नव्हता. आणि त्याच वर्षी गवतावरची पहिली जागतिक स्पर्धा झाली, ती त्यांनी जिंकली. तीच स्पर्धा त्यांनी १९८८ मध्येही जिंकली, म्हणजे पन्नाशी उलटून गेल्यावर. २०२० साली ते गेले. खाली वाकून, जवळजवळ बसूनच चेंडू सोडायची त्यांची ढब आणि मग चेंडूमागे चार पावलं चालत जाणं, हे एकदा पाहिलं की विसरत नाही.

ब्रायंट यांच्यानंतर २०२३ पर्यंत लागोपाठ तीन वेळा कुणालाही जमलं नाही. लागोपाठ दोनदा जिंकणारे आहेत: टोनी ऑलकॉक १९८६ आणि १९८७, अँडी थॉमसन १९९४ आणि १९९५, ॲलेक्स मार्शल तर दोन खेपांना, २००३–०४ आणि २००७–०८. आणि मग पाहा काय होतं. २००९ पासून २०२३ पर्यंत, पंधरा स्पर्धांमध्ये, एकाही विजेत्यानं पुढच्या वर्षी आपलं विजेतेपद राखलं नाही. जॅक्सन, हार्लो, फॉस्टर, थॉमसन, अँडरसन, बर्नेट, मार्शल, ब्रेट, फॉस्टर, डॉज, अँडरसन, पॅक्स्टन, डॉज, जिलेट, वॉकर. नावं परत येतात, पण शेजारी-शेजारी येत नाहीत.

याचं एक कारण गुणपद्धतीत आहे, असं माझं मत आहे. जुन्या पद्धतीत आधी २१ गुण करील तो विजेता. लांब सामना. चांगला खेळाडू सुरुवातीला मागे पडला तरी सावरायला वेळ मिळायचा. मग सेट आले, आणि पुढे नऊ-नऊ एंडचे दोन सेट, बरोबरी झाली तर तीन एंडचा टायब्रेक. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. पहिला सेट तुम्ही १३–३ असा जिंकलात आणि दुसरा ५–६ असा हरलात. एकूण गुण १८–९, म्हणजे तुम्ही दुप्पट गुण केलेत. तरीही सामना बरोबरीत! आता तीन एंड, त्यातले दोन जिंकेल तो विजेता. एखादा चेंडू दुसऱ्याला घासून भलतीकडे गेला की वर्षाचं विजेतेपद गेलं. ही पद्धत दूरचित्रवाणीच्या सोयीची आहे हे खरं, पण मला ती अन्यायाची वाटत नाही. प्रत्येक सेटला तुम्ही नव्यानं सिद्ध व्हायला हवं, एवढंच ती मागते. मात्र अशा पद्धतीत लागोपाठ जिंकत राहणं फार अवघड होतं. शिवाय चांगले खेळाडूही पूर्वीपेक्षा वाढलेत, तेही विसरून चालणार नाही.

म्हणून मी म्हणतो, या यादीत एकूण आकडे मोजू नका, मधली वर्षं मोजा. ऑलकॉक १९८७ नंतर एकेरीत पुन्हा जिंकले ते २००२ मध्ये. पंधरा वर्षं! या काळात ते नाहीसे झाले नव्हते, दुहेरीत ब्रायंट यांच्या जोडीनं त्यांनी चार जागतिक विजेतेपदं घेतली, पण एकेरीचा चषक हुलकावणी देत राहिला. थॉमसन यांचं अंतर त्याहून मोठं: १९९५ नंतर थेट २०१२. सतरा वर्षं. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडलेली होती. पॉल फॉस्टर १९९८ मध्ये पंचविशीच्या आसपास पहिल्यांदा जिंकले, मग २००१, २००५, २०११ आणि २०१७. हातात तेच कसब, पण दर तीन ते सहा वर्षांनी ते नव्या पिढीसमोर मांडायचं आणि पुन्हा पटवून द्यायचं. दुसऱ्या कुठल्या खेळात पहिल्या आणि पाचव्या विजेतेपदात एकोणीस वर्षांचं अंतर पडलेलं तुम्ही पाहिलंय?

आकड्यात फॉस्टर यांच्या पुढे मार्शल आहेत: १९९९, २००३, २००४, २००७, २००८ आणि २०१५, अशी सहा. दोघंही स्कॉटलंडचे. हॉप्टनच्या गालिच्यावर एकमेकांचे प्रतिस्पर्धी आणि राष्ट्रकुलात एकमेकांचे जोडीदार: २००६ ला मेलबर्नमध्ये आणि २०१४ ला ग्लासगोत दोघांनी मिळून दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. जानेवारीत ज्याची प्रत्येक लकब हरवण्यासाठी अभ्यासायची, त्याच्याच शेजारी उन्हाळ्यात उभं राहून त्याच्या चेंडूसाठी जीव टाकायचा. मला ही या खेळातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

स्कॉटलंडचा विषय निघालाच आहे तर सांगतो, १९७९ ते २०२३ मधली जवळजवळ निम्मी विजेतेपदं या एका छोट्या देशाकडे गेली आहेत. थॉमसन इंग्लंडकडून खेळले, पण जन्मानं तेही स्कॉटिशच. तिथे या खेळाचं मैदान वस्तीवस्तीत आहे आणि आजच्या नियमांचा पायाही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ग्लासगोच्या डब्ल्यू. डब्ल्यू. मिचेल यांनी घातला. उलट, या सगळ्या वर्षांत ब्रिटन आणि आयर्लंडच्या बाहेरचा विजेता एकच: १९९२ साली ऑस्ट्रेलियाचे इयान शुबॅक. गवतावर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड बलाढ्य आहेत, पण तिकडे जानेवारी म्हणजे भर उन्हाळा, त्यांचा बाहेरचा हंगाम. घरचा हंगाम सोडून अर्धं जग ओलांडून गालिच्यावर खेळायला यायचं, हे सोपं नाही. नावात ‘जागतिक’ असूनही ही यादी इतकी ब्रिटिश का, याचं बरंचसं उत्तर तिथे आहे.

महिलांबद्दल बोलल्याशिवाय मी थांबणार नाही. महिलांच्या एकेरीत १९८८ आणि १९८९ अशी दोन वर्षं उत्तर आयर्लंडच्या मार्गारेट जॉन्स्टन जिंकल्या. पुढे गर्न्सी या इवल्याशा बेटावरच्या ॲलिसन मेरियन जगज्जेत्या झाल्या, आणि इंग्लंडच्या कॅथरीन रेडनॉल यांनी तर एकापेक्षा अधिक वेळा हा मान मिळवला. या खेळात ताकदीचा वाटा थोडा आहे. ड्राइव्ह सोडला तर लाइन आणि वेट यांना स्त्री-पुरुष असा भेद कळत नाही. खुली एकेरी खरोखरच खुली आहे, तिच्यात महिलाही उतरू शकतात. तरीही महिलांच्या स्पर्धेचा तक्ता खुल्या गटापेक्षा कितीतरी लहान असतो. कमी सामने, कमी जागा, नव्या मुलींना तिथवर पोचायच्या संधीही कमी. फॉस्टर आणि थॉमसन यांना परत यायला जशी वर्षामागून वर्षं मिळाली, तशी मिळायची तर आधी त्या तक्त्यात जागा हवी. आयोजकांनी तो मोठा करावा, आणि तो लवकर करावा.