खूण एकाची, गुण दुसऱ्याला

आजच्या व्याख्यानाच्या पत्रिकेवर विषय छापलाय ‘नेतृत्व मोजणारी प्रश्नावली कशी तयार करावी’. तिथवर मी येणार आहे. पण ती प्रश्नावली मुळात कोणाला मोजते, हे बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. कंपन्यांच्या एचआर विभागांत हा घोळ मी वर्षानुवर्षं बघतोय, आणि दर एप्रिलला त्यावर लोकांचे पगार ठरतात.

सुरुवात रेन्सिस लिकर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञापासून करू. ‘पूर्णपणे सहमत’पासून ‘पूर्णपणे असहमत’पर्यंतची पाच पायऱ्यांची पट्टी त्यांच्या नावाने ओळखली जाते. साल १९३२. तुम्ही सगळ्यांनी ती कधी ना कधी भरली आहे. हात वर करायला सांगत नाही, साहेब शेजारीच बसले असतील! लिकर्टना मोजायची होती विद्यार्थ्यांची मतं: आंतरराष्ट्रीय संबंधांबद्दल, वंशभेदाबद्दल. म्हणजे पेन्सिल ज्याच्या हातात, त्याचंच मन त्या पट्टीवर मोजलं जायचं. त्या कामासाठी ती उत्तम आहे. आपण तिचं काय केलं? ‘माझे वरिष्ठ सहकाऱ्यांना प्रेरणा देतात’ असं वाक्य छापलं आणि कामगाराच्या हातात दिलं. खूण तो करतो, गुण मात्र सुपरवायझरच्या खात्यात जमा होतात. एकाचं मत दुसऱ्याचा गुणधर्म म्हणून नोंदलं जातं. माझा आक्षेप आहे तो इथे.

आता चाकणकडच्या एका कारखान्याची गोष्ट. नाव सांगणार नाही. प्रेस शॉपमध्ये, म्हणजे मशीनखाली पत्रा दाबून भाग बनवतात तिथे, दोन शिफ्टचे दोन सुपरवायझर. प्रेसला पुढे लाइट कर्टन असतो, प्रकाशकिरणांचा सेन्सर. हात आत गेला की मशीन थांबतं. तो बायपास केला की नग भराभर निघतात आणि इन्सेंटिव्ह वाढतो. बोटं जातात तीही अशीच. पहिला सुपरवायझर बायपास दिसला की लाइन बंद करायचा. वर मॅनेजरचा फोन, खाली कामगारांची कुरकुर, पण सेन्सर सुरू झाल्याशिवाय हा माणूस लाइन चालू करू द्यायचा नाही. दुसरा तिकडे बघायचाच नाही.

अशात एचआरचा नेतृत्व सर्व्हे आला. फॉर्मवर ठळक अक्षरांत ‘नाव लिहू नये’. त्याखाली चौकटी: विभाग, शिफ्ट, वयोगट, नोकरीची वर्षं. दुसऱ्याच्या शिफ्टला पन्नाशीपुढचा माणूस एकच होता. त्याने ती चौकट भरायची म्हणजे सहीच करायची की! शिवाय फॉर्म भरले कँटीनमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, आणि गोळा करायला कोण? सुपरवायझर. त्या शिफ्टच्या फॉर्मांवर वरपासून खालपर्यंत एकाच रकान्यात खुणा: पूर्णपणे सहमत, पूर्णपणे सहमत. मध्ये एक उलटा प्रश्न घातला होता, ‘माझे वरिष्ठ माझ्या सूचना ऐकून घेत नाहीत’. त्यालाही पूर्णपणे सहमत! हे फॉर्म बाजूला काढायला हवे होते. तसं न करता त्यांची सरासरी काढली आणि दोन दशांश स्थळांपर्यंत छापली. पहिल्याच्या शिफ्टचा इन्सेंटिव्ह नेमका त्याच महिन्यात घटला होता, त्यामुळे त्याचे गुण सगळ्यांत कमी. त्याची वेतनवाढ कापली गेली. लोकांची बोटं वाचवणाऱ्या माणसाच्या फाइलवर ‘नेतृत्वगुण विकसित करण्याची गरज’ असा शेरा बसला. त्या शेऱ्याची चीड मला आजही येते.

कोणी म्हणेल, राबवणूक वाईट होती, साधन चांगलं आहे. मग हे ऐका. १९७५ साली डोव्ह एडन आणि उरी लेव्हियातान या इस्रायली संशोधकांनी विद्यार्थ्यांना एका काल्पनिक कारखान्याची जुजबी माहिती दिली. तिथले वरिष्ठ कसे वागतात याबद्दल अक्षरही नाही. त्या अस्तित्वातच नसलेल्या वरिष्ठांविषयी त्यांनी नेतृत्वाची प्रश्नावली भरून घेतली. उत्तरांचं विश्लेषण केल्यावर खऱ्या कारखान्यांत निघते तशीच घटकांची रचना निघाली, म्हणजे कोणत्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांबरोबर जातात तो साचा. कारण ‘चांगला साहेब कसा असतो’ याचं चित्र भरणाऱ्याच्या डोक्यात आधीच तयार होतं. २००० साली स्कलन, माउंट आणि गॉफ या संशोधकांनी सुमारे साडेचार हजार व्यवस्थापकांना वरिष्ठ, सहकारी आणि हाताखालच्यांनी दिलेले गुण तपासले. गुणांमधल्या फरकापैकी निव्वळ गुण देणाऱ्याच्या वैयक्तिक सवयीतून आलेला भाग माहितीच्या एका संचात ६२ टक्के होता, दुसऱ्यात ५३. ज्याला गुण दिले त्याच्या कामाचा वाटा त्याच्या निम्म्यालाही पोचत नव्हता.

सभागृहात सरकारी नोकरीतली मंडळी बरीच दिसतात. तुमचा गोपनीय अहवाल वरून खाली येतो, पण दुखणं तेच. ‘निश्चित चांगला’ आणि ‘चांगला’ यांतल्या एका शब्दावर बढती अडलेली माणसं तुम्ही पाहिली आहेत. सीमा रस्ते संघटनेतल्या एका अभियंत्याला १९९३-९४ साली ‘चांगला’ शेरा मिळाला. बढतीसाठी पाचही वर्षं ‘खूप चांगला’ लागत होतं, आणि शेरा त्यांना कळवलाच नव्हता. देव दत्त विरुद्ध भारत सरकार, सर्वोच्च न्यायालय, २००८. प्रत्येक शेरा, अगदी चांगलासुद्धा, संबंधिताला कळवला पाहिजे, असा निकाल लागला. तोवर ते गृहस्थ निवृत्त झाले होते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, मुद्द्याचं भराभर सांगतो, लिहून घ्या.

गुण विचारू नका, घडलेलं विचारा. ‘वरिष्ठ सुरक्षेला महत्त्व देतात का’ याऐवजी ‘गेल्या महिन्यात सुरक्षेसाठी त्यांनी काम थांबवल्याचं तुम्ही पाहिलं का’. ‘प्रोत्साहन देतात का’ याऐवजी ‘तुमच्या कामातली चूक त्यांनी शेवटची कधी समजावून सांगितली’. ‘मला माहीत नाही’ ही चौकट हवीच, आणि ती मोजणीत धरायची नाही. दहापेक्षा लहान गटात वय आणि नोकरीची वर्षं विचारू नका. फॉर्म साहेबांच्या हातातून जाता कामा नये.

सरासरीच्या आधी उत्तरांचा पसारा बघा. निम्म्यांनी ५ आणि निम्म्यांनी १ दिला तर सरासरी ३ येते, पण ‘मध्यम’ साहेब तिथे कुठेच नाही. कदाचित दोन गट पडलेत, आणि जाऊन बोलायला हवं.

पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जय सिन्हा यांच्याबद्दल सविस्तर बोलायचं होतं, राहिलं. एवढंच सांगतो: आपल्याकडचा परिणामकारक वरिष्ठ माया करतो, पण काम करणाऱ्यावर, असं त्यांनी १९८०च्या सुमारास मांडलं. जिव्हाळ्याचे प्रश्न एका पानावर आणि कामाचे दुसऱ्या पानावर विचारले, तर हा दुवाच हातातून सुटतो.

शेवटचं, आणि यावर मी तडजोड करणार नाही. या उत्तरांचा वेतनवाढीशी संबंध जोडू नका. जोडलात की पुढच्या वर्षीपासून खरी उत्तरं येणं थांबेल. निकाल आधी त्या व्यक्तीला दाखवा, तिचं म्हणणं ऐका, मग फाइलला लावा.

नमुना प्रश्नावलीच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर आहेत. प्रती थोड्या आहेत, तेव्हा ज्यांच्याकडे मार्चअखेर सर्व्हे आहे त्यांनी आधी घ्या, बाकीच्यांना मी ईमेलने पाठवतो.