डबा उघडताना नाक धरा

[नागपूरच्या इतवारीतली अरुंद गल्ली. अर्धं वर गेलेलं शटर. आत भिंतीला टेकवून ठेवलेलं व्हिडिओ गेमचं जुनं मशीन.]

जुनी गेम मशीनं चकाचक करून, दिवे लावून दाखवणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. हा तसला नाही. चमकायच्या आधी मशीनमधून काय काय निघतं, ते इथं दिसेल. जेवता जेवता बघत असाल तर एक काहीतरी बाजूला ठेवा, ताट नाहीतर मोबाईल.

मशीन नव्वदच्या दशकातल्या पार्लरमधलं. कॅपकॉमचा १९९१ चा स्ट्रीट फायटर टू, नंतर १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, म्हणजे आपला 'मुस्तफा', असे गेम यावर चालले. गेमचा सर्किट बोर्ड बाहेरून आलेला, पण डबा अस्सल देशी. सुतारानं ठोकलेलं प्लायवूड, आत टीव्हीची पिक्चर ट्यूब. पार्लर बंद पडलं, मशीन गोदामात गेलं आणि तिथंच राहिलं. ते उघडणारे काका पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचे. त्यांचा पहिला नियम ऐका.

"आधी वास कुठून येऊन राहिला ते पाह्यचं. पेचकस मंग."

[काका मागची फळी काढत नाहीत. समोरच्या बटनांपासून सुरुवात.]

बटन वरून पुसलं की स्वच्छ दिसतं. खरी गंमत ते खोलल्यावर. दाबायचा भाग आणि त्याच्या भोवतालची कडी यांच्यात केसाएवढी फट असते, आणि त्या फटीत पिवळट करड्या मेणचट पदार्थाचं एक कडं जमलेलं असतं. काका ते टाचणीनं अख्खं सोडवून दाखवतात. हे काय आहे? घाम, हाताची मेलेली कातडी, पोंग्यांचं तेल आणि सकाळी पार्लरला थेट पोह्याच्या ठेल्यावरून आलेल्यांच्या बोटांची तर्री. नागपूरचा मे महिना, बंद खोली, एका मशीनला चिकटलेली पाच-सहा पोट्टी. घामाचा हिशेब तुम्हीच करा.

जॉयस्टिकच्या चकतीखाली ग्रीस असतं. त्याचा आता काळा डिंक झालाय. आणि पॅनेलच्या खालच्या बाजूला, जिथं कुणाची नजर जात नाही पण बोट बरोबर पोचतं, तिथं बबलगम. बबलगमच्या शेजारी वाळलेलं मेकूड. एक नाही, वस्ती आहे.

बटनं गरम पाण्यात भांड्याच्या साबणासोबत भिजत पडतात. स्प्रिंगा वेगळ्या ठेवायच्या, गंजतात. बटनाखालचे छोटे विजेचे खटके, मायक्रोस्विच, पाण्यात टाकायचेच नाहीत. बबलगमवर बर्फाचा खडा धरला की तो कडक होऊन टवका निघतो. मेकूडासाठी काकांकडे जुनी पट्टी आहे, ती दुसऱ्या कशालाच वापरत नाहीत.

[नाण्याचं दार. कॅमेरा आत.]

आता विदर्भाची खास देणगी. खर्रा.

सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घोटलेला. हातातला गेम सोडून थुंकायला बाहेर कोण जाणार? नाणं परत येतं ती खिडकी समोरच, कंबरेच्या उंचीवर. चुन्याच्या संगतीत सुपारी लाल-तपकिरी रंग सोडते आणि तो कच्च्या प्लायवूडमध्ये मुरतो. पत्र्याचं दार घासून निघालं. आतल्या फळीवर मात्र ओघळ तसेच आहेत, रंग दिल्याशिवाय जाणार नाहीत. पेटीच्या तळाशी रबर लावलेल्या दोन-तीन पन्न्याही सापडल्या. नाण्यांत एक रुपयाची गंजलेली, दोरा बांधलेला एक वॉशर, आणि एक चार आण्याचं. हे ३० जून २०११ पासून चलनातून गेलं, तोवर मशीन कधीचं बंद होतं.

दोरा बांधणाऱ्याला मात्र मानलं पाहिजे.

इथपर्यंतची घाण माणसांची. किळसवाणी, पण निघणारी. साबण, पट्टी, जोर, झालं. मशीन बंद पडल्यावर आत जे राहायला येतं, त्याचं तसं नाही. ते मशीन खातं.

[मागची फळी निघते. काका मान बाजूला करतात.]

उंदीर.

तळाच्या फळीवर कापूस, चघळलेली वायर, लेंड्या आणि मधोमध मुताचा गडद नकाशा. इथं झाडू मारायचा मोह होतो, तो आवरा. कोरडी लेंडी झाडली की तिची धूळ सरळ छातीत जाते. काका मास्क आणि रबरी हातमोजे घालतात. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, फक्त लाकडावर फवारून पाच मिनिटं थांबायचं, मग कागदानं उचलायचं. ओल्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, तो हातावरच्या साध्या ओरखड्यातूनही शिरतो. बाहेर पंचेचाळीस अंश, आत मास्क आणि हा वास. काकांचा पुतण्या मदतीला होता, तो चहा आणायला गेला आणि बराच वेळ आला नाही.

प्लायवूडमध्ये मुरलेलं मूत धुऊन जात नाही, हे मान्य करायला लोक तयार नसतात. अगरबत्ती लावतात, अत्तर शिंपडतात, कापूर ठेवतात. पहिल्या पावसाच्या दमट हवेत वास पुन्हा हजर. इलाज दोनच. फळी कापून नवी घाला, नाहीतर पूर्ण वाळवून तिच्यावर लाखेचं पॉलिश चढवा, चपड्याचे दोन-तीन हात. लाख वास आत कोंडून धरते. हे मशीन पॉलिशवर भागलं.

[पिक्चर ट्यूबचा मागचा भाग. काळाकुट्ट.]

ट्यूबला हात लावायच्या आधी काका तिच्यात साठलेली वीज मोकळी करतात. ट्यूबच्या पाठीवरच्या रबरी कॅपखाली वीस हजारांच्या वर व्होल्ट असतात. लांब पेचकस, त्याला वायर, वायरचं दुसरं टोक ट्यूबच्या लोखंडी चौकटीला, एक हात खिशात. इतकी वर्षं बंद असलेल्या मशीनमध्ये तो दाब बहुधा उतरलेला असतो. बहुधा या शब्दाच्या भरवशावर कुणी बोट घालू नये.

ही काजळी विजेच्या त्याच दाबानं ओढलेली. त्यात नागपुरी भर म्हणजे कुलर. पार्लरमध्ये उन्हाळाभर कुलरची ओली हवा थेट मशीनच्या पाठीवर, त्यामुळे धूळ उडायच्या ऐवजी थापली गेली. मऊ ब्रशनं हळूहळू सोडवायची. ट्यूबची मागची मान पातळ काचेची, तिथं जोर लागला तर हवा आत शिरते आणि ट्यूब भंगारात.

पॉवर सप्लायमध्ये झुरळं, मेलेली. चालू मशीनची ऊब त्यांना आवडते. विष्ठा मिरपुडीसारखी सांडलेली, अंड्यांच्या पिशव्या ट्रान्सफॉर्मरला चिकटलेल्या. वरच्या कोपऱ्यात एका पालीचा सांगाडा, दोन टर्मिनलच्या मधोमध. ती तिथं कशी मेली असेल ते सांगायला नको.

आणि नाण्याच्या नळीत कुंभारमाशीचं मातीचं घर. काकांनी ते फोडलं. आतून कोळी पडले, वाळलेले. माशी त्यांना डंख मारून लुळे करते आणि पिल्लांच्या जेवणासाठी कोंडते. उंदराच्या मुताला न डगमगलेला आमचा कॅमेरावाला इथं दोन पावलं मागे गेला.

[बोर्ड, जवळून.]

शेवटी बोर्ड. त्याच्यावर निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी, फुटलेली. तिच्यातला अल्कली झिरपून तांब्याच्या रेघांवर हिरवा-पांढरा फुलोरा आलाय. त्यावर कापसानं पांढरा व्हिनेगर टिपायचा, अल्कली मारला जातो, मग अल्कोहोलनं पुसून घ्यायचं. ब्लीचची बाटली तोवर दुसऱ्या खोलीत. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, आणि ही खोली दहा बाय दहाचीसुद्धा नाही. बोर्डाची कनेक्टरची पट्टी, जपानी कंपन्यांनी १९८५ मध्ये ठरवलेली ५६ पायांची, तिलाही हिरवं चढलेलं. ती काकांनी शाळेच्या खोडरबरानं घासून उजळली.

[रात्र. मशीन जोडलेलं. वायरच्या वाटेत एक पिवळा बल्ब.]

पहिल्यांदा चालू करताना मशीन थेट प्लगला लावत नाहीत, मध्ये सिरीज बल्ब असतो. आत कुठं शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि मशीन वाचतं. इथं बल्ब क्षणभर उजळला, मग मंदावला. म्हणजे बरोबर. आता पहिला अर्धा तास जळक्या धुळीचा वास येईल, त्याला घाबरायचं नाही.

"मुताचा आला तर?" पुतण्या विचारतो. तो चहा घेऊन परतलाय.

"तर प्लग काढ, मशीन आडवं कर," काका म्हणतात, "आन् फळी या खेपेला तू काढ."