माहिती फुटल्यानंतरचे पहिले पत्र

(कोल्हापुरातील उद्योजक आणि सहकारी बँका, पतसंस्था यांच्या अधिकाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

पंचगंगा पात्राबाहेर पडली की आपण सगळे एकाच आकड्याकडे डोळे लावून बसतो: राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट, किती इंच? ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. आकडा वाईट आहे म्हणून तो दोन दिवस दाबून ठेवावा, असे कोणी म्हणत नाही. कारण जनावरे कधी हलवायची आणि सामान माडीवर कधी चढवायचे, हे त्या आकड्यावरच ठरते. ग्राहकांची माहिती चोरीला गेलेल्या संस्थेने पत कशी सांभाळावी, या प्रश्नाकडे मी याच नजरेने पाहतो. फुटलेली माहिती ग्राहकाची असते, त्यामुळे बचावासाठी लागणारा वेळही त्याच्याच हक्काचा असतो.

इक्विफॅक्स या अमेरिकी पतमाहिती कंपनीचे २०१७ मधील प्रकरण मी मुद्दाम सविस्तर सांगतो. ज्या त्रुटीतून चोर आत शिरले, तिच्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. ती वेळेत बसवली गेली नाही. २९ जुलैला कंपनीला घुसखोरीचा सुगावा लागला, आणि लोकांना ते कळले ७ सप्टेंबरला. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती उघडी पडली होती. पण लोकांचा संताप वाढला तो त्यानंतरच्या वागण्याने. आपली माहिती गेली का, हे ग्राहकांना तपासता यावे म्हणून कंपनीने स्वतःच्या नेहमीच्या संकेतस्थळाऐवजी नवेच, अनोळखी पत्त्याचे संकेतस्थळ उघडले, आणि तिच्याच ट्विटर खात्यावरून ग्राहकांना चुकून त्याच्याशी मिळत्याजुळत्या नावाच्या बनावट पत्त्यावर पाठवले गेले. मोफत देऊ केलेल्या सेवेच्या अटींमध्ये न्यायालयात जाण्याचा हक्क सोडण्याचे कलम दिसले; आरडाओरड झाल्यावर ते मागे घ्यावे लागले. त्याच महिन्यात मुख्य कार्यकारी अधिकारी पायउतार झाले.

उबरने तर २०१६ मधील चोरी वर्षभर लपवली. ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली होती. चोरांना १ लाख डॉलर दिले गेले आणि ती रक्कम त्रुटी शोधल्याचे बक्षीस म्हणून दाखवली गेली. २०२२ मध्ये तेथील तत्कालीन सुरक्षाप्रमुखाला अमेरिकी न्यायालयात दोषी ठरवण्यात आले.

आपल्याकडेही सायबर घटना ६ तासांत ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवावी, असा २०२२ चा निर्देश आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती फुटल्याचे माहिती संरक्षण मंडळाला आणि बाधित व्यक्तींना न कळवल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तरीही दंडाच्या भीतीने लिहिलेले पत्र वकिलासाठी लिहिल्यासारखेच वाटते. ‘काही ग्राहकांची काही माहिती बाधित झाली असण्याची शक्यता आहे’ हे वाक्य करवीर तालुक्यातल्या, उसाचे बिल तुमच्या शाखेत जमा होणाऱ्या शेतकऱ्याने वाचले, तर त्याने नेमके काय करायचे? पासवर्ड बदलता येतो, कार्ड बंद करता येते. जन्मतारीख बदलता येत नाही. म्हणून काय गेले आणि काय गेलेले नाही, हे त्याला वेगवेगळे, नाव घेऊन आणि मराठीत सांगावे लागते. पुढच्या आठवड्यात ‘केवायसी अपडेट करा’ असा फोन येईल, बोलणाऱ्याला त्याच्या खात्याचे शेवटचे चार आकडे ठाऊक असतील आणि म्हणूनच तो खरा वाटेल, हेही त्याच पत्रात यायला हवे. माझ्या मते पत्रातली सर्वांत मोलाची ओळ हीच आहे, आणि बहुतेक पत्रांतून नेमकी हीच गाळली जाते.

हे पत्र ग्राहकाच्या हाती पडण्याआधी काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला माहीत असले पाहिजे. ग्राहक संचालकांकडे जात नाही. तो पासबुक घेऊन खिडकीशी येतो, आणि तिथे ‘आम्हालाही पेपरातूनच कळले’ असे उत्तर मिळाले, तर कोणतीही जाहिरात ते पुसू शकत नाही.

आकडा पूर्ण कळेपर्यंत थांबावे का, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. पाणी चढत असताना शेवटची पातळी कुणालाच ठाऊक नसते, तरी त्या वेळची पातळी सांगितली जातेच. ‘आज सायंकाळी ६ वाजेपर्यंत आम्हाला एवढे कळले आहे, पुढची माहिती उद्या सकाळी १० वाजता देऊ’ असे लिहावे, आणि १० वाजता नवे काही कळलेले नसले, तरी तेवढे तरी सांगावे. असे पत्र गोंधळाच्या रात्री सुचत नाही. त्याचा मसुदा रिकाम्या जागा सोडून आजच करावा, आणि रात्री दोन वाजता त्यावर कोण सही करणार, त्या व्यक्तीचे नाव आणि फोन नंबर त्याच कागदावर लिहून ठेवावा.