काठी कोणत्या हातात?

नमस्कार. दहावीचा निकाल हातात आला, आता अकरावीचा फॉर्म भरायचाय. 'मुलीला फिजिओथेरपीला जायचंय, विषय कोणते घ्यायचे?' हा प्रश्न मी फिजिओथेरपिस्ट म्हणून गेल्या आठवड्याभरात मला बऱ्याच पालकांनी विचारला, म्हणून आज सगळ्यांशी एकदमच बोलते.

नियमापुरतं उत्तर सोपं आहे. विज्ञान शाखा घ्यायची. बारावीला इंग्रजीबरोबर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हवंच. महाराष्ट्रात बी.पी.टीएच.चे, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीचे, प्रवेश नीट परीक्षेच्या गुणांवर, सीईटी कक्षामार्फत होतात. त्यामुळे मैत्रिणी घेतायत म्हणून जीवशास्त्र सोडून कॉम्प्युटर सायन्स घेतलंत, तर पुढे पस्तावाल. मी शिकले तेव्हा इंटर्नशिप धरून साडेचार वर्षं लागायची, नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात ती पाच झाली आहेत.

मला खरं बोलायचंय ते फिजिक्सबद्दल. 'फिजिओला जायचं ना, मग बायो घोकून टाक, फिजिक्स पासापुरतं कर,' हा सल्ला मलाही मिळाला होता आणि मी तो ऐकलाही होता. बारावीत सूत्रं पाठ केली, आकडे घातले, उत्तरं लिहिली. कॉलेजात बायोमेकॅनिक्स, म्हणजे शरीराच्या हालचालींचं फिजिक्स, सुरू झालं तेव्हा कळलं की पाठ केलेलं काहीच उपयोगाचं नाही. अकरावीचं पुस्तक घरून मागवून घेतलं आणि रात्री बसून टॉर्क, म्हणजे जोराने एखादी गोष्ट किती फिरते ते, पहिल्यापासून समजून घेतला.

टॉर्क कशाला लागतो ते सांगते. माझ्याकडे एक आजी यायच्या. उजवा खुबा दुखायचा आणि काठीही उजव्याच हातात. दुखऱ्या बाजूला आधार द्यावा, असंच कुणालाही वाटेल. मी काठी डाव्या हातात दिली, तर आजी म्हणाल्या, "अगं बाई, दुखतंय इकडं आणि काठी तिकडं?"

आता नीट बघा. चालताना डावं पाऊल उचललं की सगळा भार उजव्या खुब्यावर येतो. शरीराचं वजन कंबरेला डावीकडे खाली ओढतं. ती कलू नये म्हणून खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू तिला ओढून धरतात. पण हे स्नायू सांध्याच्या अगदी जवळ आहेत आणि वजन लांबून ओढतंय. दार बिजागरीजवळ ढकलून बघा, किती जोर लागतो ते कळेल. तसाच जोर त्या स्नायूंना लावावा लागतो, आणि वजन अधिक स्नायूंची ओढ मिळून एका पावलात सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीनपट दाब पडतो. डाव्या हातातली काठी खुब्यापासून लांब असते. तिच्यावर थोडंसं रेललं तरी स्नायूंचं काम पुष्कळ हलकं होतं आणि सांध्यावरचा दाब उतरतो. आजी चार फेऱ्या मारून आल्या आणि काहीच बोलल्या नाहीत, काठी मात्र डाव्याच हातात ठेवली.

मशीनचंही तेच. दुखऱ्या भागावर उपचारासाठी अल्ट्रासाउंड लावताना आधी जेल लावतो, कारण मध्ये हवा राहिली तर ध्वनिलहरी त्वचेवरूनच परत फिरतात. एक मेगाहर्ट्झची लहर खोलवर पोचते, तीनची वरच्या वर जिरते. ज्याला लहरींचा धडा कळलाय तो हे एकदाच ऐकतो आणि विसरत नाही.

गणित ठेवायचं का? सक्ती नाही. झेपत असेल तर ठेवा, दुसरी वाट मोकळी राहते. रडत रडत ठेवू नका.

आता जरा पोटतिडकीने सांगते ते मराठीबद्दल. आयटी या विषयाला गुण चांगले पडतात म्हणून अकरावीत मराठी सोडायची पद्धत झालीय. 1952 साली परळच्या केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली. तिथल्या पेशंटची भाषा काय असेल? आजही आपल्याकडचा माणूस 'न्यूरॉलॉजिकल सिम्प्टम्स' घेऊन येत नाही. तो म्हणतो चमक भरली, मुंग्या येतात, ठणका लागतो, शीर ओढते, पाय बधिर पडतो. यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ वेगळा आणि तपासणीही वेगळी.

परवाच एक शेतकरी आले होते. इंटर्न मुलीला म्हणाले, "कमरेतनं खाली कळ जाती आन् पाय मुंग्यांनी भरतोय." तिने कागदावर लिहिलं, पाय दुखतो. मी म्हटलं, "अगं, परत विचार. मुंग्या कुठपर्यंत जातात?" तिने विचारलं. काका खाली वाकले आणि पायाच्या वरच्या बाजूवरून बोट फिरवत अंगठ्यापर्यंत नेलं. कमरेतली कोणती नस दाबली असावी, याचा अंदाज तिला त्या बोटावरून आला. मग तिने पहिली ओळ खोडली आणि काका बोलले होते तसंच्या तसं लिहून घेतलं.