तंबू खाणाऱ्या बुरशीचा खटका

[दृश्य : भिजलेलं सुती कापड, त्यावर हिरवट डाग]

दुसरं महायुद्ध. सॉलोमन बेटांवरच्या दमट हवेत अमेरिकी सैन्याचे सुती तंबू कुजत होते. तंबू खाणाऱ्या एका बुरशीचा नमुना अमेरिकेत नेऊन जपला गेला. त्याचा क्रमांक क्यूएम 6 ए. 1977 मध्ये संशोधक एल्विन रीझ यांच्यावरून तिचं नाव पडलं ट्रायकोडर्मा रीसेई. आपले शेतकरी मर रोगाला आळा म्हणून बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळतात ना, त्याच गोतावळ्यातली ही.

कापूस म्हणजे सेल्युलोज. ते फोडायला बुरशी सेल्युलेज एन्झाइम्स बाहेर सोडते. पण समोर आयतं ग्लुकोज असेल, तर नाही. ताटात भात वाढलेला असताना जातं ओढायला कोण बसतं?

[दृश्य : ग्लुकोजची बाटली, जवळून]

म्हणूनच 1962 सालचा प्रकार गमतीचा. मेरी मँडेल्स, पॅरिश आणि रीझ यांना दिसलं, की ग्लुकोज दिलेली बुरशीसुद्धा सेल्युलेज सोडतेय! दोष निघाला बाटलीत. त्या ग्लुकोजमध्ये सोफोरोज नावाच्या साखरेचा अगदी किंचित अंश होता. तीही ग्लुकोजच्या दोन रेणूंचीच बनलेली, फक्त जोडणी निराळी. तेवढ्या भेसळीनं खटका दाबला होता.

हा खटका असतो प्रमोटरमध्ये, म्हणजे जनुकाच्या अलीकडच्या डीएनएच्या तुकड्यात. त्यावर झायआर 1 हे प्रथिन कामाला लागलं की जनुक चालू. ग्लुकोज आलं की क्री 1 हे दुसरं प्रथिन आडवं येतं. सीबीएच 1 या एका सेल्युलेजच्या जनुकाचा प्रमोटर तर इतका जोरकस, की बुरशी बाहेर सोडते त्या प्रथिनांत निम्म्याच्या आसपास वाटा या एकट्या सेल्युलेजचा! मग संशोधकांनी त्याच्यापुढे दुसऱ्याच प्रथिनांची जनुकं जोडली. बुरशी आपली कापूस पचवायच्या तयारीत, आणि टाकीत जमा होतंय भलतंच प्रथिन.

टाक्या भरायला सोफोरोज परवडत नाही. म्हणून लॅक्टोज, चीज काढल्यावर उरणाऱ्या पाण्यातली साखर. तीही हाच खटका दाबते, आणि स्वस्तात.

रटगर्स विद्यापीठात घडवलेल्या रट सी 30 वाणात तर क्री 1 चं जनुकच तुटलेलं आहे. तिथं ग्लुकोज असलं तरी पूर्वीसारखी आडकाठी होत नाही.

[दृश्य : पुन्हा तंबूचं कापड]

रट सी 30 सुद्धा त्या तंबूवरच्या नमुन्याचाच वंशज.