राजा नाही, राणी नाही, आकडाही नाही : जपानी फुलांचे पत्ते कसे खेळायचे?

नमस्कार मंडळी! दादरच्या आमच्या घरातून आज एक वेगळा कॅट दाखवते. हा पत्ता बघा. आगपेटीएवढा, पण चांगला जाड. पाठ नुसती काळी, आणि तोच काळा कागद कडेवरून पुढे दुमडलेला. टेबलावर टाकला की कसा टप्प वाजतो, ऐका! हे हानाफुदा, जपानचे फुलांचे पत्ते.

एकूण 48 पत्ते, 12 महिने. प्रत्येक महिन्याचं एक झाड किंवा फूल आणि त्याचे 4 पत्ते. जानेवारीचं पाइन, मार्चची चेरी, सप्टेंबरची शेवंती. जपानी वाचायची गरजच नाही, फूल ओळखलं की झालं.

जपानात पत्ते नेले पोर्तुगीजांनी, 16व्या शतकात. आपल्या वसईला किल्ला बांधणारे तेच. पुढे पत्त्यांवर जुगार माजला, सरकारनं बंदी घातली, की लोक चित्रं बदलून नवा कॅट काढायचे. त्या लपंडावातून आकडे नसलेले हे पत्ते आले. 1889 साली क्योटोमध्ये हेच पत्ते बनवायला एक कंपनी निघाली, निन्टेंडो. हो, मारिओवालीच!

आता खेळ. नाव कोइ-कोइ, भिडू दोन. पत्ते पिसा, दोघांना आठ-आठ वाटा, आठ मध्ये उघडे मांडा. (लोकलमध्ये मांडीवरच्या ब्रीफकेसवरही सहज मावतील.) उरलेल्या 24 पत्त्यांची गड्डी पालथी. आपली पाळी आली की हातातला एक पत्ता टाकायचा. त्याच महिन्याचा पत्ता खाली असेल तर दोन्ही उचलायचे, नसेल तर आपलाही तिथेच राहतो. मग गड्डीवरचा एक उलटायचा, नियम तोच. खाली एकाच महिन्याचे तीन असले आणि चौथा तुम्ही टाकलात, तर चारही तुमचे.

नोव्हेंबर मात्र नीट बघून ठेवा. झाड विलोचं. एका पत्त्यावर छत्रीवाला माणूस आणि बेडूक, दुसऱ्यावर पक्षी, तिसऱ्यावर लाल पट्टी. पण चौथा हा असा लालभडक, विजेचा! यात विलो शोधावा लागतो, म्हणून नवखे भिडू हाच पत्ता हमखास सोडतात.

उचललेल्या पत्त्यांतून संच जमवायचे. रानडुक्कर, हरिण आणि फुलपाखरं मिळून 5 गुण. शेवंतीवरचा साकेचा (जपानी तांदळाच्या दारूचा) पेला आणि पौर्णिमेचा चंद्र, 5 गुण. पेला आणि चेरीखालचा पडदा, तेही 5. नुसती झाडं-फुलं असलेले साधे दहा पत्ते जमले तर 1.

आणि आता या खेळाचा जीव. संच झाला की गुण घेऊन डाव मिटवा, नाहीतर ‘कोइ-कोइ’ म्हणून पुढे खेळा. पुढे खेळलात आणि समोरच्याचा संच आधी झाला, तर तुम्हाला शून्य, त्याला दुप्पट! समजा तुमचं हरिण-डुक्कर-फुलपाखरं जमलंय, पण साकेचा पेला त्याच्याकडे आहे आणि चंद्र, पडदा दोन्ही अजून बाहेर आलेले नाहीत. त्याला यातला एकच पत्ता पुरतो. मी तरी इथे 5 गुण घेऊन मोकळी होते. तोच पेला तुमच्याकडे असेल, तर बिनधास्त म्हणा कोइ-कोइ!

महिने बारा तसे डावही बारा. गुण मात्र घरोघरी थोडे वेगळे धरतात, तेव्हा पत्ते वाटायच्या आधीच ठरवून घ्या.