जळगावची वीज: खासगी हातात गेली आणि परत आली

[दृश्य: केळीची बाग, ठिबकच्या नळ्या, बांधावरची डीपी म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर]

मे महिना. जळगावचा पारा 45 च्या घरात. केळीला रोज पाणी लागतंच, आणि मोटर चालली तरच ठिबकमधून थेंब पडतो. अशात डीपी जळाली, तर शेतकरी वायरमनला एकच विचारतो, "भाऊ, नवी डीपी कधी बसंल?" कंपनी सरकारी की खासगी, हा प्रश्न त्याच्या मनातही येत नाही.

2005 मध्ये वीज मंडळाचं विभाजन झालं. वितरण महावितरणकडे आलं, सोबत गळती आणि थकबाकीही आली. मग काही शहरं फ्रँचायझीला, म्हणजे खासगी कंपनीला चालवायला दिली गेली. खांब, तारा महावितरणच्याच. कंपनीनं ठरलेल्या दरानं घाऊक वीज घ्यायची, घरोघरी पोचवायची, बिलं वसूल करायची. गळती जितकी घटेल, तितका तिचा फायदा.

भिवंडीत हे जमलं. 2007 मध्ये टोरंट पॉवर आली, तेव्हा निम्म्याहून जास्त वीज चोरी, गळती आणि थकबाकीत जात होती. काही वर्षांत हे प्रमाण 20 टक्क्यांच्या आसपास आलं. चोरीसाठी तारांवर टाकलेले आकडे काढले, मीटर बदलले, नव्या डीपी बसवल्या. शिवाय तिथं दाट वस्ती आणि दिवसरात्र चालणारे यंत्रमाग आहेत.

जळगावात 2011 च्या नोव्हेंबरमध्ये क्रॉम्प्टन ग्रीव्हजनं कारभार घेतला. करार 15 वर्षांचा होता. 2015 च्या ऑगस्टमध्येच तो संपला आणि वीज पुन्हा महावितरणकडे आली. फ्रँचायझीकडे गेलेलं औरंगाबादही 2014 मध्ये असंच परतलं, नागपूर 2019 मध्ये.

[दृश्य: वीजबिल भरण्याची रांग]

खासगी झालं की कारभार सुधारतो, असं सरसकट म्हणणाऱ्यांनी ही तीन शहरं बघावीत. बोलीत चढा दर लावायचा आणि गळती भराभर उतरेल असं धरून चालायचं, इथंच गणित फसतं. गळती उतरली नाही की महावितरणचं देणं थकतं आणि देखभालीचा खर्च अंगावर येतो. मोबाइलची सेवा पटली नाही तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. विजेची तार मात्र घरात एकच येते. इथं स्पर्धा नाही, म्हणून करार आणि देखरेख यांवरच सगळं अवलंबून राहतं.

खान्देशच्या वेशीवरच्या मालेगावात 2020 पासून फ्रँचायझी आहे. तिथला हिशेब मांडताना वसुलीच्या टक्केवारीशेजारी जळालेली डीपी किती तासांत बदलली, हेही छापलं पाहिजे. दर महिन्याला, भागवार.